कवितेचा अर्थ सांगण्याची घाई

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातली शाळा, नववीची तुकडी, वर्गात साठेक मुलं. नव्याने लागलेल्या शिक्षिका मन लावून कविता वाचतात, कडव्यामागून कडवं समजावून सांगतात. मुलं शांत बसतात. शेवटी 'तुम्हांला यातलं काय आवडलं?' विचारलं की माना खाली जातात आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, 'मॅडम, उत्तर लिहून द्या ना.' मुलांना कवितेची गोडी लागावी म्हणून कोणते उपक्रम घ्यावेत, असं त्यांनी विचारलं आहे.

उपक्रम सांगते, पण मुलांना गोडी नाही हे आधी मला मान्य नाही. हीच मुलं गणपतीत पाच-सहा आरत्या न चुकता म्हणतात. ज्यांच्या घरी वारी आहे त्यांना हरिपाठ पाठ असतो. मधल्या सुट्टीत बाक वाजवून रॅप म्हणणारी पोरं प्रत्येक शाळेत आहेत. लय, यमक, शब्दांचा खेळ त्यांना हवाच असतो. तुमच्या तासाला मात्र त्यांना काही काम उरत नाही. वाचन तुम्ही केलं, अर्थ तुम्ही लावला, सौंदर्य कुठल्या ओळीत आहे तेही तुम्हीच बोट ठेवून दाखवलं. मुलांच्या वाट्याला राहिलं ते तुमचं म्हणणं परीक्षेत परत लिहिणं. अशा वेळी 'लिहून द्या' हे आळशी पोराचं बोलणं नसतं, ते व्यवहाराला धरून असतं.

म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: अर्थ सांगायला उशीर करा. आधी मुलांना कवितेत काहीतरी शोधायला लावा. शोधताना ती ओळींकडे चार वेळा परत जातील. तेवढं झालं की तुम्हांला सांगायचा अर्थ निम्मा उरतो.

हे कितपत जमेल ते परिस्थितीवर आहे. पस्तीस मिनिटांच्या तासात हजेरी आणि वह्या यांत सात-आठ मिनिटं जातात. दहावीला दिवाळीनंतर नवीन काही सुरू करू नये, तेव्हा मुलांना सराव हवा असतो आणि पालकांना उत्तरं. आठवी-नववी ही खरी जागा. शिवाय वर्षातल्या सगळ्या कविता अशा घेता येणार नाहीत. मी जूनमध्येच पुस्तक उघडून तीन-चार कविता ठरवते, त्यांना तीन-तीन तास देते आणि बाकीच्या कविता सरळ, भराभर शिकवते. त्यात काही वाईट वाटून घेण्यासारखं नाही. तीन कवितांत मुलांना जी नजर येते ती पुढच्या कवितांना आपोआप लागू होते.

एक कविता धरून दाखवते. बालकवींची 'औदुंबर' तुम्हांला ठाऊक आहेच. तुमच्या पुस्तकात नसली तरी फळ्यावर मावते, आठच ओळी आहेत.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

नेहमीच्या पद्धतीत आधी कविपरिचय येतो, मग 'निसर्गरम्य वातावरणाचं सुंदर वर्णन' येतं आणि मुलं झोपतात. मी तास असा घेते. सुरुवातीला चारच शब्द सांगायचे: ऐल म्हणजे अलीकडचा, पैल म्हणजे पलीकडचा, आणि कुरण नि डोह. पुस्तकं मिटवून कविता दोनदा वाचायची, चाल न लावता, नाटकी हातवारे न करता. मग फळ्यावर लिहायची आणि बाकागणिक एक काम द्यायचं: या जागेचा नकाशा काढा. चित्र म्हटलं की मुलं सूर्य, डोंगर, नारळाचं झाड काढतात. नकाशा म्हटलं की त्यांना ठरवावं लागतं: झरा कुठून कुठे जातो? गाव कोणत्या तीरावर? पायवाट कुठून निघते, कुठे पोचते? हे बघणारा माणूस कुठे उभा आहे?

पाच मिनिटांत भांडणं लागतात आणि लागायलाच हवीत. 'पैल टेकडीकडे' म्हणजे टेकडीवर की टेकडीच्या पलीकडे? 'तयांतुनि' म्हणजे गावातून की शेतांतून? उत्तर तुम्ही द्यायचं नाही. 'ओळ दाखव' एवढंच म्हणायचं. नकाशाला कलेची गरज नसल्यामुळे ज्यांना चित्र जमत नाही तीही मुलं यात असतात, हा आणखी एक फायदा. दोन नकाशे फळ्यावर काढून घ्यायचे, शक्यतो एकमेकांशी न जुळणारे.

पुढचं काम: कवितेतले रंग क्रमाने वहीत लिहा. हिरवाळी, निळासांवळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. यादी समोर आली की कुणीतरी म्हणतंच, 'मॅडम, शेवटी सगळं काळं झालं.' या वाक्याची मी वाट बघत असते. ते मुलाच्या तोंडून आलं की पुढचा अर्धा तास तुमचा. काळं झालं तरी 'गोड' कसं? 'काळिमा फासला' असं आपण म्हणतो तेव्हा ती चांगली गोष्ट असते का? मग या ओळीत ती गोड का? इथे उत्तरं फुटतात आणि फुटू द्यायची. 'सावली पडली म्हणून गार वाटतं, म्हणून गोड' हे शेतात राबणाऱ्या घरातलं उत्तर असतं. 'संध्याकाळ झालीय' असं दुसरं कुणी सांगतं. दोन्ही कवितेच्या आधाराने आलेली आहेत, दोन्ही चालतील. 'देवाचं झाड आहे म्हणून' हे उत्तरही येतं. त्याला मात्र कवितेत आधार कुठे आहे ते विचारायचं.

तिसरा प्रश्न मला स्वतःला सगळ्यांत आवडतो: या कवितेत माणूस कुठे आहे? गाव आहे, शेतं आहेत, पायवाट आहे, म्हणजे माणसं चालत असणार. पण एकही दिसत नाही. पाय सोडून बसलंय ते एक झाड. हे ध्यानात आलं की वर्गात क्षणभर सगळे गप्प होतात. त्या वेळी घाईघाईने 'चेतनगुणोक्ती अलंकार' असं फळ्यावर लिहू नका. लिहायचंच आहे, पण दुसऱ्या दिवशी.

बालकवींबद्दल मी सगळं शेवटी सांगते. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९०, आणि १९१८ मध्ये वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी जळगावजवळ भादली स्थानकापाशी रेल्वेच्या अपघातात मृत्यू. हे आधी सांगितलं तर सगळा वर्ग काळ्या डोहात मृत्यूच बघतो आणि दुसरं काही बघत नाही. शेवटी सांगितलं की तीच कविता मुलं स्वतःहून पुन्हा एकदा वाचतात, वेगळ्या कानांनी. आणि हेही सांगायचं की हा औदुंबर कशाचं प्रतीक आहे यावर मोठमोठ्या समीक्षकांचं एकमत झालेलं नाही. चौदा वर्षांच्या मुलाला हे ऐकून फार धीर येतो.

आता कानाचा भाग. वृत्त शिकवताना आपण यमाताराजभानसलगं या गण लक्षात ठेवायच्या सूत्रापासून सुरुवात करतो आणि तिथेच मुलं हरवतात. उलट्या टोकाने जा. समर्थांचा श्लोक बहुतेकांना येतो: 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावें'. एक टिचकी, दोन थापा, असं बाकावर वाजवत म्हणायला लावा. म-ना-स, ज्ज-ना-भ, क्ति-पं-थे, चि-जा-वें. साठ मुलं एकदम वाजवतात (शेजारच्या वर्गावर गणिताचा तास असेल तर आधी सांगून ठेवा). दोन-तीन वेळा झालं की विचारायचं: 'स' तर ऱ्हस्व आहे, मग त्यावर थाप का पडली? 'भ'वर का पडली? कुणीतरी पुढच्या जोडाक्षराकडे बोट दाखवतं. लघूचा (ऱ्हस्व अक्षराचा, म्हणजे टिचकीचा) गुरू (दीर्घ, म्हणजे थाप) कधी होतो हा नियम मुलांनी स्वतः काढलेला असतो, तो पुढे घोकून घ्यावा लागत नाही. मग सांगा की लघु-गुरु-गुरु या तुकड्याला 'य' गण म्हणतात, असे चार य आले की ते भुजंगप्रयात वृत्त. नाव अखेरीला आलं म्हणजे ते कशाचं नाव आहे हे कळलेलं असतं.

मुलांना कविता लिहायला लावावी का, असंही विचारलं आहे. लावावी, पण 'स्वतःची कविता लिहून आणा' असं मोकळं सोडू नये. पाऊस, आई आणि देश या तीनच विषयांवरच्या कविता येतात आणि निम्म्या मोबाईलवरून उतरवलेल्या असतात. बंधन जितकं घट्ट तितकं लिहिणं सोपं जातं, हे मी वारंवार बघितलं आहे. बहिणाबाई चौधरींची ओळ घ्या: 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर'. अक्षरं बोटांवर मोजायला सांगा. आठ आणि आठ. जोडाक्षर एकच धरायचं. पुढच्या दोन ओळी मोजल्या तरी आठच येतात. आता मुलांना विषय द्यायचा घरातल्या किंवा गावातल्या एका वस्तूचा, आणि चार ओळी, प्रत्येकीत आठ अक्षरं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक जमलं तर जमलं. साधारण असं काहीतरी हाती येतं:

एसटीची काय कथा,
जशी रुसलेली मामी;
हात केला तरी जाते,
उभे फाट्यावर आम्ही.

हे काही थोर काव्य नाही. पण हे लिहिणाऱ्या मुलाने 'मामी रुसलेली' इथपर्यंत येण्याआधी दोन-चार शब्द खोडलेले असतात, कारण ते नऊ अक्षरांत जात होते. शब्द निवडणं म्हणजे काय ते त्याला त्या खोडण्यातून कळतं. उपमा अलंकाराची व्याख्या त्यानंतर सांगितली तर दोन मिनिटांत होते.

बहिणाबाई आणखी एका कारणासाठी हाताशी असाव्यात. त्या लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवली आणि त्या गेल्यावर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. 'वढाय' म्हणजे काय हे वर्गातल्या शेतकऱ्याच्या मुलाला शिक्षकापेक्षा चांगलं ठाऊक असतं: दावं तोडून दुसऱ्याच्या पिकात घुसणारं जनावर. त्याला उभं करा आणि वर्गाला सांगू द्या. वर्षभर 'शुद्ध बोल' ऐकणाऱ्या पोराच्या बोलीला त्या दिवशी वर्गात जागा मिळते. घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, कोरकू, कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुलं असतील तर कवितेवरचं पहिलं बोलणं त्यांच्या भाषेत होऊ द्या, वहीत लिहिताना प्रमाण मराठी बघू. गृहपाठ म्हणून आजीकडून किंवा शेजारच्या म्हातारीकडून जात्यावरची एक ओवी लिहून आणायला सांगितली तर हल्ली प्रत्येक घरी ती मिळत नाही. न मिळाल्यास हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या एक लाखाहून जास्त ओव्यांचा साठा आहे, त्यातल्या बऱ्याच ओव्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर बायकांच्या आवाजात ऐकता येतात. फोनला एक लहान स्पीकर जोडला की झालं.

सगळ्या कविता गेय नसतात. मुक्तछंदातल्या कवितेला चाल लावण्याचा हट्ट मला पटत नाही, आणि चालीचे व्हिडिओ आधी दाखवणंही. एकदा चाल कानात बसली की मुलं सुरावर तरंगत जातात, शब्दांवर थांबत नाहीत. मुक्तछंदाला दुसरी युक्ती आहे. कविता फळ्यावर गद्यासारखी सलग लिहा आणि ओळी कुठे तोडाव्यात ते मुलांना ठरवू द्या. मग पुस्तक उघडून कवीने कुठे तोडल्या ते बघायचं. जिथे फरक पडला तिथे बोलण्यासारखं काहीतरी नक्की असतं. आणि पाठांतराच्या मी बाजूने आहे. कुठल्या चार ओळी पाठ करायच्या ते मात्र ज्याने त्याने निवडावं.

आता गुणांचं. रसग्रहणाचा प्रश्न टाळून चालत नाही आणि पालकसभेत तुम्हांला तोच विचारला जाणार. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये ही तीन खणांची चौकट मुलं गाईडमधून भरतात. गाईडवर बंदी घालू नका, घातली तरी दप्तरात असतंच. उलट ते वर्गात आणा. त्यातला एक उतारा कवितेचं नाव झाकून मोठ्याने वाचा आणि विचारा, ही कोणती कविता? 'कवीने अत्यंत समर्पक शब्दांत मनाला भिडणारे चित्र रेखाटले आहे' या वाक्यावरून कुणालाच ओळखता येत नाही. जे वाक्य कुठल्याही कवितेला चिकटवता येतं ते खोडायचं, असा खेळ मुलं हसत खेळतात. मी फळ्याच्या कोपऱ्यात बंदी घातलेल्या शब्दांची यादी ठेवते: अप्रतिम, समर्पक, हृदयस्पर्शी, यथार्थ. वापरला तर पुढचं वाक्य त्याचं कारण सांगणारं हवं.

त्या जागी काय लिहायचं? मी एक साचा देते. 'कवीने अमुक म्हटलं आहे. त्याऐवजी तमुक म्हणता आलं असतं. तसं म्हटलं असतं तर हे गेलं असतं.' उदाहरणार्थ, 'शेतमळ्यांची हिरवी गर्दी' याऐवजी 'हिरवी रांग' म्हणता आलं असतं. पण रांग म्हटली की ती सरळ, शिस्तीची होते. गर्दी म्हटल्यावर शेतं एकमेकांना खेटून पुढे सरकताहेत असं वाटतं, आणि माणसं नसलेल्या कवितेत गर्दी हा माणसांचा शब्द येतो. नववीतलं मूल शेवटचं वाक्य लिहीलच असं नाही, पहिली दोन लिहील. तेवढ्यावर काव्यसौंदर्याचा खण भरतो. नकाशावरून आशय येतो, टिचकी-थापांवरून आणि रंगांच्या यादीवरून भाषिक वैशिष्ट्यं येतात. म्हणजे रसग्रहणाचा वेगळा तास घ्यावाच लागत नाही. जी मुलं वाक्यरचनेतच अडखळतात त्यांना हा साचा तसाच्या तसा वापरू द्या, त्यात कमीपणा नाही.

गद्याबद्दल फार लिहीत नाही. तिथे मुलांना गोष्ट पुढे नेते. कथा असेल तर शेवटाच्या एक पान आधी थांबा आणि पुढे काय होईल ते कारणासह लिहून घ्या. नाट्यउतारा असेल तर पात्रं वाटून, उभं राहून वाचा. अवघड जातात ते ललित लेख. त्यांना मी कवितेसारखंच वागवते, एक परिच्छेद नीट आणि बाकी वरवर.

साठ मुलांचं गणित असं जमवा. काम नेहमी बाकावरच्या जोडीला द्यायचं, एकेकट्याला नाही. बोलायची पाळी दर तासाला चार-पाच जोड्यांनाच मिळते, म्हणून कोणत्या बोलल्या त्याची हजेरीपत्रकाच्या मागे खूण ठेवायची. जी मुलं कधीच तोंड उघडत नाहीत त्यांच्याकडून तास संपताना एका ओळीची चिठ्ठी घ्या: आज न कळलेली एक ओळ. दुसऱ्या दिवशीचा तास त्या चिठ्ठ्यांतून सुरू करता येतो. कधी कधी मुलं भलत्याच शब्दाला हसतात, विशेषतः शृंगाराच्या कवितेत. रागावू नका. हसू ओसरलं की तीच ओळ पुन्हा वाचायची, सरळ आवाजात.

म्हणजे तीन तासांची वाटणी साधारण अशी होते: पहिला ऐकण्याचा आणि नकाशाचा किंवा यादीचा, दुसरा चर्चेचा, कवीच्या ओळखीचा आणि मग अलंकार-वृत्ताचा, तिसरा लिहिण्याचा. गोंधळ पहिल्या तासाला होतो आणि नेमके त्याच वेळी पर्यवेक्षक व्हरांड्यातून जातात. त्यासाठी पाठटाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, नीट ठेवा. बी.एड.च्या पायऱ्या मोडायची गरज नाही: आदर्श वाचन आहेच, नकाशा 'विद्यार्थी कृती' या रकान्यात जातो, वाद 'चर्चा पद्धती' म्हणून लिहायचा, आणि चिठ्ठ्या 'मूल्यमापन' म्हणून. हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचं ते वर्गाला सांगणं, मात्र मी तासाच्या सुरुवातीला करत नाही, आणि टाचणात ते पहिल्याच ओळीत लिहावं लागतं. तिथे 'विद्यार्थी कवितेतील स्थळाचा नकाशा तयार करतील' एवढं लिहिलं की पुरतं.